गोव्यातला अभ्यासदौरा काजूच्या उलट्या मागावर आखा

बीबीए, बीकॉम किंवा एमबीएच्या अभ्यासदौऱ्यासाठी गोवा निवडला की दोन प्रकारची वेळापत्रकं हमखास तयार होतात. एकात सकाळी एक कारखाना आणि उरलेला दिवस कळंगुटचा समुद्रकिनारा. दुसऱ्यात चार दिवसांत अकरा भेटी, आणि मुलांना शेवटी फक्त फाटकांवरच्या पाट्या आठवतात. दोन्हींत पैसे जातात आणि अहवालात कंपनीच्या संकेतस्थळावरचाच मजकूर उतरतो.

आमचा सल्ला सरळ आहे. एक जिन्नस पकडा आणि दुकानातल्या दरापासून सुरुवात करून मागे मागे जात झाडापर्यंत पोहोचा. त्याला तोल म्हणून अगदी वेगळ्या जातीच्या उद्योगाची एकच भेट ठेवा. गोव्यात यासाठी काजूसारखा जिन्नस नाही. लहान शेतकरी, सहकारी संस्था, कारखाना, आयात, पर्यटकाची बाजारपेठ, अबकारी खातं आणि भौगोलिक मानांकन असे सगळे धागे त्यात येतात, आणि ते तासा-दीड तासाच्या अंतरावर डोळ्यांनी पाहता येतात. गोव्याचं क्षेत्रफळच 3,702 चौरस किलोमीटर आहे. त्याचा फायदा उठवायला हवा.

महिना कोणता

मार्चचे पहिले तीन आठवडे उत्तम. बोंडू, म्हणजे काजूची फळं, पडायला लागलेले असतात, फेणी गाळायच्या भाट्या पेटलेल्या असतात, सहकारी संस्थेच्या खरेदी केंद्रांवर काजूबी यायला लागते. फेब्रुवारीच्या मध्यात गेलात तर हवा छान, पण भाटी बहुधा थंडच. एप्रिलमध्ये माल भरपूर, पण उकाडा मुलांना दुपारनंतर उभं राहू देत नाही, शिवाय परीक्षा डोक्यावर.

टाळायचे काळ लिहून ठेवा. नोव्हेंबरचा उत्तरार्ध, कारण 2004 पासून पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो आणि खोल्यांचे दर चढतात. 3 डिसेंबरच्या जुन्या गोव्याच्या फेस्तापासून (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या सणापासून) नव्या वर्षापर्यंतचा काळ. कार्निव्हलचे चार दिवस. होळीच्या सुमारास निघणाऱ्या शिगमोत्सवाच्या मिरवणुका, कारण ज्या शहरात मिरवणूक असते तिथले रस्ते संध्याकाळी बंद असतात. आणि चवथ. गणेशचतुर्थीला गोव्यात कारखान्यातला स्थानिक माणूस घरीच असतो, त्या आठवड्यात कुणालाही भेटीसाठी गळ घालू नका. मासळी व्यवसाय पाहायचा असेल तर 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते, हे ध्यानात ठेवा.

पत्र आणि फोन

दौरा फसतो तो बहुतेक वेळा इथेच. कंपनीच्या सर्वसाधारण ईमेलवर 'आमच्या विद्यार्थ्यांना आपल्या कारखान्यास भेट देण्याची इच्छा आहे' असं पाठवलं की उत्तर येत नाही, कारण ते कुणाचंच काम नसतं. आठ आठवडे आधी सुरुवात करा. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आधी फोन करून एचआर किंवा प्रशासन पाहणाऱ्या व्यक्तीचं नाव विचारा, मगच त्या नावाने, महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीचं पत्र पाठवा. पत्र इंग्रजीत असलं तरी फोनवर मराठीत बोला. समोरचा कोकणीत उत्तर देईल, आणि त्याने काही बिघडत नाही.

पत्रात या गोष्टी असल्याच पाहिजेत: अभ्यासक्रम आणि वर्ष, मुलामुलींची नेमकी संख्या, सोबतचे शिक्षक, दोन पर्यायी तारखा, येण्याची वेळ आणि निघण्याची वेळ, आणि तीन प्रश्न. हे तीन प्रश्नच पत्राचा जीव आहेत. 'आपल्या कार्यपद्धतीची माहिती हवी' असं लिहिलं की तुम्हाला सभागृहात बसवून कंपनीची चित्रफीत दाखवतात आणि चहा पाजून परत पाठवतात. 'कच्चा माल किती दिवसांचा साठवता आणि त्यात किती भांडवल अडकतं', 'हंगामी कामगारांची भरती कशी करता', 'परत आलेला माल कुठे नोंदवता' असं विचारलं की पत्र उत्पादन किंवा खरेदी विभागाकडे जातं आणि उत्तर द्यायला नेमका माणूस हजर राहतो.

दोन आठवड्यांनी आठवणीचा फोन. तीन आठवडे आधी सर्वांची नावं आणि ओळखपत्राचे क्रमांक असलेली यादी. तीन दिवस आधी पुन्हा खात्री करा आणि तेव्हाच विचारा: बस आत येते का, पन्नास आसनी गाडी वळते का, मोबाईल फाटकावर जमा करायचे का, बूट लागतात का.

वेर्णे औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यांची भेट आयत्या वेळी रद्द होते, ती बहुधा नियामकांची किंवा परदेशी ग्राहकाची तपासणी लागल्यामुळे. त्यात कंपनीचा दोष नसतो. म्हणून प्रत्येक मोठ्या भेटीला एक पर्याय आधीच ठरवून ठेवा. पणजीतली गोवा चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री 1908 पासूनची संस्था आहे. तिथे किंवा ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठाच्या गोवा बिझनेस स्कूलमध्ये दोन तासांचं सत्र आधी बोलून ठेवलेलं असलं तर दिवस वाया जात नाही.

गोवा शिपयार्ड संरक्षण मंत्रालयाखालचा उपक्रम आहे आणि मुरगाव बंदरातही सुरक्षा तपासणी कडक असते. तिथल्या परवानगीला जास्त वेळ धरा, आणि कागद हातात पडल्याशिवाय मुलांना सांगू नका. गटात परदेशी विद्यार्थी असतील तर त्यांच्या पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती पहिल्याच पत्राला जोडा. त्यांच्या मुक्कामाची नोंद हॉटेलने 24 तासांत फॉर्म सी भरून करायची असते, तीही झाली का ते विचारून घ्या.

किती जण, कुठे राहायचं, कसं फिरायचं

चाळीस मुलं आणि तीन शिक्षक, त्यांत किमान एक बाई. हा आकडा एका बसमध्ये मावतो आणि कारखान्यात वीस-वीसच्या दोन तुकड्या पाडता येतात. साठ नेलेत तर तिसरी तुकडी बाहेर उन्हात तासभर उभी राहते आणि आत गेल्यावर काही ऐकत नाही.

मुक्काम किनारपट्टीवर नको. फोंडा मध्यावर आहे: कुंडई, मडकई, बेतोडा या औद्योगिक वसाहती जवळ, पणजी तासाभराच्या आत. मंगेशी, रामनाथी, कवळे इथल्या देवस्थानांच्या अग्रशाळांमध्येही (भक्तनिवासांत) खोल्या मिळू शकतात. मात्र पहिला हक्क कुळाव्यांचा, म्हणजे ज्यांचं ते कुलदैवत त्यांचा. माघातल्या जत्रांच्या दिवसांत विचारूच नका, आणि तिथे मांसाहार, दारू, रात्री उशिराचा गोंधळ चालत नाही हे मुलांना निघण्यापूर्वी स्पष्ट सांगा. ते पाळता येणार नसेल तर साधं लॉज घ्या.

मुंबईहून रात्रीची कोकणकन्या पकडली तर सकाळी मडगावला उतरता येतं. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, त्यामुळे चाळीस जणांचं आरक्षण एका बैठकीत होईल असं धरू नका. मोठ्या गटासाठी स्थानकावरच्या मुख्य आरक्षण पर्यवेक्षकाकडे लेखी अर्ज करा. बस घेऊन येत असाल तर परवाना, फिटनेस, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना यांच्या मूळ प्रती गाडीत हव्यात, पत्रादेवीच्या सीमानाक्यावर तपासणी होते. बेळगावकडून चोर्ला घाटाने येणाऱ्यांनी जड वाहनांवरचे निर्बंध त्या आठवड्यात काय आहेत ते आधी पाहावं. गोव्यात ठिकठिकाणी रिक्षा-टॅक्सी मिळेल या भरवशावर गट नेऊ नका, बस सगळे दिवस तुमच्याजवळच हवी.

परतीच्या बसमध्ये एकही बाटली नको. गोव्यातून महाराष्ट्रात दारू न्यायला परवाना लागतो, इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबवतात, आणि एका मुलाच्या पिशवीसाठी चाळीस जण रात्रभर रस्त्यावर बसतात.

पहिले दोन दिवस

बुधवारी सकाळी पोहोचा, जेवून विश्रांती घ्या. संध्याकाळी दोन तासांची तयारी ठेवा: काजूची साखळी फळ्यावर काढा आणि प्रत्येक चौकडीला एक प्रश्न वाटून द्या. दुपारी एक ते साडेतीनच्या दरम्यान बरीच दुकानं आणि लहान कचेऱ्या बंद असतात. रोजचं जेवण त्याच वेळेत बसवा, वेळापत्रक आपोआप जुळतं.

गुरुवारी वेर्णे. तोल म्हणून ठेवायचा वेगळ्या जातीचा उद्योग हाच. औषध कारखान्यात सुगंध, नखरंग, दागिने चालत नाहीत, डोक्यावर टोपी आणि पायात आवरण घालावं लागतं. पुढचं बंद असलेले बूट घातले नसतील तर आत सोडत नाहीत. बरेचदा उत्पादन काचेपलीकडूनच दिसतं. म्हणून तिथे यंत्रांपेक्षा कागद पाहा: बॅचची नोंद कशी ठेवतात, एका गोळीमागे किती सह्या होतात, नमुने किती काळ जपतात. दुपारी वास्कोकडे जाऊन मुरगाव बंदराच्या परिसरातून जहाजं आणि बार्ज दाखवा. लोहखनिजाच्या खाणींचा विषय इथे निघतोच. सप्टेंबर 2012 मध्ये खनन थांबलं, एप्रिल 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, फेब्रुवारी 2018 मध्ये 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, आणि मार्चमध्ये काम पुन्हा बंद झालं. परवान्यावर उभा असलेला धंदा परवाना गेल्यावर ट्रकवाल्याच्या हप्त्यापर्यंत कसा पोहोचतो, हे मुलांना इथे अर्ध्या तासात समजतं. डिचोलीकडचा एखादा ट्रकमालक बोलायला तयार झाला तर आणखी चांगलं.

शुक्रवार: म्हापसा, मग कारखाना

म्हापशाचा बाजार शुक्रवारचा, म्हणून सगळा दौरा या वारावर बेतायचा. सकाळी आठला पोहोचा, दहानंतर चालायला जागा उरत नाही. मुलांच्या जोड्या करा आणि प्रत्येक जोडीला एकच काम द्या: अर्धा किलो काजूगराचा दर तीन ठिकाणी विचारायचा, बाजारातल्या विक्रेत्याकडे, पर्यटकांसाठीच्या चकचकीत दुकानात आणि गोवा बागायतदार या सहकारी संस्थेच्या बाजारात. फक्त दर नको, ग्रेडही लिहायची. इथेच सर्वांत मोठी चूक होते. ग्रेड न लिहिता दर लिहिले की तुलना निरर्थक होते, आणि संध्याकाळी ते कळून काही उपयोग नसतो.

ग्रेड समजावून सांगा. डब्ल्यू म्हणजे पांढरा अखंड गर, पुढचा आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात. डब्ल्यू 180 मोठा आणि महाग, डब्ल्यू 320 नेहमीचा, डब्ल्यू 450 बारीक. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा बरोबर घ्या. डब्ल्यू 320 म्हणून विकत घेतलेल्या पाकिटातले 100 ग्रॅम मोजले तर साधारण 66 ते 70 गर भरायला हवेत. 85 भरले तर दुकानदाराने डब्ल्यू 320 च्या दराने बारीक माल दिला आहे. बसच्या मागच्या सीटवर वर्तमानपत्र पसरून काजू मोजणाऱ्या मुलीला गुणवत्ता नियंत्रण म्हणजे काय ते पुन्हा शिकवावं लागत नाही.

विक्रेत्या बायांशी बोलताना दर विचारण्याआधी काहीतरी घ्या, निदान केळी. सकाळची गिऱ्हाइकाची वेळ असते, वही-पेन घेऊन उभा राहिलेला पोरगा त्यांची विक्री अडवतो. त्यांना 'मावशी' म्हणा, फोटो विचारून काढा.

दुपारी काजू कारखाना. अडीचची वेळ मागा, म्हणजे जेवणाची सुट्टी संपलेली असते आणि पाळी सुटायला वेळ असतो. प्रक्रिया ज्या क्रमाने चालते त्याच क्रमाने पाहा. वाळवलेली बी पोत्यांत, मग वाफवणं, थंड करणं, फोडणं, गर भट्टीत सुकवणं, सालं काढणं, प्रतवारी, भरणी. बी फोडायच्या टेबलापाशी कशालाही हात लावू नका. टरफलातलं तेल कातडी भाजतं, कामगार बाया हाताला तेल किंवा राख लावतात किंवा मोजे घालतात ते त्यासाठीच. सालं काढायच्या टेबलावर पाच मिनिटं नुसतं उभं राहा. एक बाई एका मिनिटात किती गर सोलते आणि त्यातले किती तुटतात हे मोजा, कारण कारखान्याचा नफा तिथे ठरतो: अखंड गर आणि तुकडा यांच्या दरातला फरक मोठा असतो.

हिशेब तिथेच करून घ्या. बीच्या वजनाच्या साधारण पाव भाग गर मिळतो, म्हणजे 1 किलो गराला 4 किलो बी. समजा बी 150 रुपये किलो धरली, तर नुसत्या कच्च्या मालाचे 600 रुपये झाले. त्यात फोडणं-सोलणं, इंधन, तुकड्यांचा तोटा, भरणी, वाहतूक, कर आणि विक्रेत्याचा वाटा घालत जा आणि सकाळच्या बाजारातल्या दराशी भिडवा. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, चालू दर मुलांनीच विचारून घालायचे. बी हंगामात दोन-अडीच महिने येते आणि कारखाना वर्षभर चालवायचा असतो. तेव्हा वर्षाचा साठा एकदम घ्यायला पैसा कुठून येतो, आणि गोव्यातली बी किती, आफ्रिकेतून आलेली किती, हे दोन प्रश्न मालकाला नक्की विचारा. 'उलाढाल किती' हा प्रश्न विचारू नका. कुणी खरं सांगत नाही आणि पुढची उत्तरं आखडती होतात.

शनिवार: बागायत, भाटी, संस्था

सकाळी सहाला निघून सत्तरीत, वाळपईच्या बाजूला. बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेला वेचतात. बी पिळून वेगळी करतात आणि बोंडू भाटीवर जातो. म्हणजे एकाच फळाचे दोन बाजार आणि दोन वेगळे खरेदीदार. मुलांनी अर्धा तास वेचून पाहावं आणि किती किलो बी हाती लागते ते तोलून, त्या भागातल्या रोजंदारीशी ताडून पाहावं. पायांत बूट, अंगात पूर्ण बाह्या, प्रत्येकी दोन लिटर पाणी.

भाटीवर बोंडू तुडवून किंवा यंत्राने रस काढतात. उरलेल्या चोथ्यावर वजन ठेवून जो स्वच्छ रस ठिबकतो तो नीरो. रस दोन-तीन दिवस आंबवून पहिल्या वाफेत उर्राक, आणि उर्राक पुन्हा रसाबरोबर चढवून फेणी. जुने भाटीवाले तीव्रता ग्रावमध्ये सांगतात, बाटलीवर ती टक्क्यांत छापतात. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मुलांनी इथे पाहायचं ते हे की मानांकनाची चिठ्ठी बाटलीवर लागते तेव्हा भाटीवाल्याच्या हातात किती पडतं. अबकारी खातं काजूच्या झोनची (आखून दिलेल्या भागांची) पावणी करतं, म्हणजे लिलाव. झोन घेताना किती बोली लावायची हे हंगाम कसा जाईल याच्या अंदाजावर ठरतं. अवकाळी पाऊस झाला आणि मोहोर गळला तरी बोलीची रक्कम भरावीच लागते. जोखमीचं पान पुस्तकात वाचण्यापेक्षा इथे ऐकावं. चव घ्यायची नाही, शिक्षकांनीही नाही. नियम एकदा मोडला की दौरा हातातून जातो.

अकराच्या सुमारास निघून फोंड्याला, गोवा बागायतदार सहकारी खरेदी विक्री संस्थेत. काजू आणि सुपारी विकत घेणारी आणि ग्राहकबाजार चालवणारी ही संस्था म्हणजे साखळीची दोन्ही टोकं एका छताखाली. बी घेताना ओलावा कसा पाहतात, दर कोण आणि किती दिवसांनी बदलतो, सभासदाला पैसे कधी मिळतात, सरकारच्या आधारभूत किमतीतला फरक शेतकऱ्यापर्यंत कसा पोहोचतो, हे इथे समजतं. मार्चअखेर टाळा, हिशेब बंद करण्याच्या धांदलीत कुणाकडेही वेळ नसतो. याच तालुक्याशेजारी धारबांदोड्यात गोव्यातला एकमेव साखर कारखाना, संजीवनी, आहे आणि त्याचं गाळप काही वर्षांपासून थांबलेलं आहे. वेळ असेल तर जरूर चर्चेला घ्या. एक सहकारी संस्था टिकली, दुसरी अडली, यावर मुलं तासभर भांडतात आणि त्या भांडणातून चांगले अहवाल निघतात.

रोज रात्रीची पाऊण तासाची बैठक

जेवणाआधी, जेवणानंतर नाही. प्रत्येकाच्या वहीत चार रकाने: पाहिलं, ऐकलं, मोजलं, पटलं नाही. तिसरा रकाना रिकामा असेल तर दुसऱ्या दिवशीच्या भेटीत त्या मुलाला काटा किंवा घड्याळ द्या. चौथा रकाना मोठ्याने वाचायला लावा. मालकाने सांगितलेलं आणि कामगार बाईने सांगितलेलं जुळलं नाही, तर तेच अहवालाचं बीज. समुद्रकिनारा शनिवारी संध्याकाळी, अंधार पडायच्या आत, शिक्षकांसह, आणि पाण्यात घोट्याच्या वर नाही. लाल झेंडा दिसला तर तेवढंही नाही. पहिल्याच रात्री किनारा ठेवला तर उरलेले तीन दिवस मुलं बसमध्ये झोपतात.

रविवारी सकाळी नऊला चौकड्यांनी प्रत्येकी आठ मिनिटांत एकच तक्ता मांडावा: दुकानातल्या दरातले शंभर रुपये कुणाकुणाकडे गेले. शेतकऱ्याच्या रकान्यापुढे आकडा लिहिताना तो कुठून आणला हे सांगता आलं पाहिजे. दुपारनंतर परतीची गाडी. दहा दिवसांच्या आत त्या तक्त्याची प्रत, आभाराच्या पत्रासह, कारखान्याला, संस्थेला आणि बागायतदाराला पाठवा. पुढच्या वर्षीची परवानगी त्यावरच मिळते.